नमस्कार स्वीकारण्याची पद्धत

गुरुवार, १६ मे. सकाळी ६.१०

शाळा आज सुरू. माझं सत्तावन्नावं वर्ष, शिक्षकी पेशातलं बत्तिसावं. यंदा रोज लिहायचं ठरवलंय. ही वही म्हणजे माझ्या पुस्तकाची पूर्वतयारी. पुस्तकाचं नाव: 'शिष्टाचाराची शंभर कलमं'. महिन्याला दहा धरली तरी मार्चमध्ये हातावेगळं.

कलम १: लहानाने मोठ्याला आधी नमस्कार करावा.

उरलेली नऊ संध्याकाळी.

संध्याकाळी ५.३०

नवीन मुख्याध्यापिका हजर झाल्या. ओराफिन मॅडम, वय एकोणचाळीस. आठवी ते दहावी माझ्याच हाताखाली. मला पाहताच गाडीतून उतरल्या, पर्स खाली ठेवली आणि वाकून नमस्कार केला. अंगठे बरोबर नाकाच्या टोकाला, म्हणजे गुरूला करायचा तो नमस्कार. पद त्यांचं मोठं, तरी आधी त्यांनी केला. मी मान हलवली. शिक्षण म्हणतात ते हे. तसे दहावीत तिला गणितात कमीच मार्क होते. पण शिष्टाचार पक्का.

दमलो. कलमं उद्या.

शुक्रवार, १७ मे

स्टाफ मीटिंग. विषय: शुक्रवारचा सहावा तास, म्हणजे माझा शिष्टाचाराचा तास. म्हणे पालकांना विचारलं होतं, कोणता तास नको. म्हणे सर्वांत जास्त मतं मला. वर रोबोटच्या वर्गाला तासच मिळत नाही. मॅडमनी फार मऊ आवाजात विचारलं की शाळेत शिकवून मुलांना शिष्टाचार येतो, असं सरांना खरंच वाटतं का.

मी उभा राहिलो. पंचवीस मिनिटं बोललो. रोबोट यंत्राला वाकायला शिकवतो, मी माणसाला. हे वाक्य तर फारच जमलं. मधे दोघे उठून गेले. मीटिंग चालू असताना उठून जाणं ही काय रीत झाली. त्यावर एक कलम करणार.

शेवटी मॅडम म्हणाल्या, दोन ऑगस्टला फ्रे शहरात जिल्ह्याची शिष्टाचार स्पर्धा आहे. आपल्या शाळेने बारा वर्षांत कोणाला पाठवलेलं नाही. सरांनी एक विद्यार्थी तयार करावा. शिकवून येतो असं दिसलं तर तास राहील. नाही तर ऑगस्टपासून तो रोबोटना.

मी जागच्या जागी होकार दिला. ट्रॉफी कुठे ठेवायची तेही सांगून टाकलं. मत्स्यालयाशेजारी.

सोमवार, २० मे. सकाळी ७.५०

गेटवर ड्यूटी. माझी जागा ठरलेली, चिंचेच्या सावलीत. डाव्या हातात बर्फाच्या चहाची प्लॅस्टिकची पिशवी, नळी खोचलेली, उजव्या हातात कर्णा. पोरं येतात, हात जोडल्यासारखं करतात आणि पळतात. मी चहाचा घोट गिळेपर्यंत त्यांचे हात खाली. याला काय नमस्कार म्हणायचं? माशी हाकलल्यासारखं करतात.

कर्ण्यावरून तिथेच जाहीर केलं आणि आता इथे उतरवून ठेवतो.

कलम ३: मोठ्यांनी नमस्कार स्वीकारल्याशिवाय लहानाने हात खाली आणू नयेत.

(कलम २ मध्यंतरी सुचलं होतं. विसरलो.)

मंगळवार, २१ मे

दुपारी सम्ली मावशीच्या नूडल्सच्या गाडीवर. सात-आठ माणसं उभी होती. शिक्षकाला वेळ नसतो, म्हणून मी सरळ पुढे गेलो. मावशी म्हणाली, "सर, रांग आहे." मी म्हणालो दिसतंय मला. मग तिने मला सगळ्यांच्या शेवटी वाटी दिली.

खाता खाता स्पर्धेचं सांगितलं. तिचं मत असं की पोरांना वळण लागतं ते आईच्या मागे मागे फिरून, शाळेत काही नाही. मी तिला व्यवस्थित समजावलं. ती चौथी शिकलेली, त्यामुळे मुद्दा पोचायला वेळ लागतो. ती म्हणाली, "वाटी ठेवली की लोक मला काहीतरी म्हणतात, सर. हमाल म्हणतात, रिक्षावाले म्हणतात. तुम्ही कधीच काही म्हणाला नाहीत."

रस्सा आज खारट होता. तेवढं तिला सांगून आलो.

शुक्रवार, २४ मे. सहावा तास

विद्यार्थिनी निवडली. फायलिन, आठवी ब. आई देवळाच्या पायरीशी फुलांच्या माळा विकते. मुलगी बारीक आहे, बोलते कमी, बघते फार. एकतीस जणांना मी विचारलं की शिष्टाचार म्हणजे काय. तीस जणांनी फळ्यावरचं वाक्य म्हणून दाखवलं. हिने उलट मला विचारलं, "सर, नुसतं बघून शिकलेलं चालतं का?"

मी म्हणालो, उत्तम गुरू असेल तर तेच सर्वांत चांगलं.

तिने ते हिरव्या वहीत लिहून घेतलं. आता ती माझी प्रत्येक गोष्ट लिहून घेते. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी.

गुरुवार, ३० मे

सराव जोरात. नमस्काराच्या तीन पायऱ्या: भिक्षूंना अंगठे भुवयांच्या मधे, आईवडील आणि गुरूंना नाकाच्या टोकाशी, इतर मोठ्यांना हनुवटीशी. फायलिनचं एकदाही चुकत नाही. मी पट्टी लावून बघतो.

घरी लमाईला पट्टीचं सांगितलं. लमाई माझी बायको, दवाखान्यात नर्स आहे. गावासारखी तीही मला सरच म्हणते, पण तिच्या तोंडी तो शब्द वेगळा वाजतो. तिने भाताची थाळी पुढे केली, मी घेतली. म्हणाली, "दोन्ही हातांनी घ्या, सर. स्पर्धा आहे ना."

दुसऱ्या हातात फोन होता माझा. घरातल्या माणसाला परिस्थिती कळायला हवी.

तेवढ्यात कलम २ आठवलं: दोन्ही हातांनी द्यावं, दोन्ही हातांनी घ्यावं.

बुधवार, ५ जून

फायलिनने आज अवघड प्रश्न काढला. प्लेंग काका शाळेत झाडू मारतात, ते त्रेसष्ट वर्षांचे. म्हणजे सरांपेक्षा सहा वर्षांनी मोठे. मग आधी नमस्कार कोणी करायचा? कलम १ प्रमाणे सरांनी ना?

मी तिला समजावलं की नुसतं वय बघून चालत नाही, पदही बघावं लागतं. मी शिक्षक, ते झाडूवाले. पद जड. तेव्हा आधी त्यांनी.

तिने लिहिलं. मग विचारलं, मुख्याध्यापिकांचं पद सरांपेक्षा मोठं, मग तिथे आधी सरांनी का?

मी म्हणालो, तिथे वय जड.

तिने दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी लिहिली आणि बराच वेळ पाहत बसली. मुलगी हुशार आहे, पण बारकावे पचायला वेळ लागतो. तिच्या सोयीसाठी एक तक्ता करणार. वयाचे गुण, पदाचे गुण, बेरीज. पुस्तकाला जोडता येईल.

रविवार, ९ जून

तक्ता केला. काही केल्या प्लेंग काका माझ्यापेक्षा दोन गुणांनी वर येतात. मग 'पदवी' असा वेगळा रकाना घातला. आता मी चारने वर.

गुरुवार, १३ जून

आज गुरुपूजन. पोरांनी थाळ्या सजवून आणल्या होत्या. दूर्वा, लाल रुक्मिणीची फुलं, वांग्याची फुलं. आम्ही शिक्षक मंचावर खुर्च्यांवर. पोरं जोडीजोडीने गुडघ्यांवर चालत येतात, थाळी देतात, जमिनीला कपाळ टेकतात. सहाशे बारा पोरं. दोन तास. कोणाचंही मन भरून यावं असा सोहळा.

दुपारी शाळेच्या फेसबुकवर फोटो आला. रांगेतले सगळे शिक्षक हात जोडून बसलेत, मी फोनमध्ये बघतोय. तोंडही थोडं उघडं आहे. त्याखाली माजी विद्यार्थ्यांच्या शंभरेक प्रतिक्रिया. एकाने लिहिलंय: सर अजिबात बदलले नाहीत.

प्रेमाने लिहिलंय, हे उघड आहे.

फोटो काढण्याआधी विचारायला हवं. आजकालच्या पोरांना एवढंही कळत नाही. कलम ४ यावरच.

सोमवार, १ जुलै

पुस्तकाची प्रगती: चार कलमं. दीड महिन्यात चार. वेग कमी वाटतो, पण पाया भक्कम होतोय. उरलेली शहाण्णव जुलैत.

बुधवार, १० जुलै

मॅडमनी स्पर्धेचं परिपत्रक दिलं. नेहमीप्रमाणे आधी त्यांचा नमस्कार, मग कागद, दोन्ही हातांनी. तीन पानं आहेत. पहिलं पान मी वाचलं. उभ्याने नमस्कार, बसून नमस्कार, मोठ्यांसमोरून वाकून जाणं, वस्तू देणं-घेणं. सगळं माझ्या बोटांवर.

दोन तासांनी मॅडमनी हळूच विचारलं, तिसरं पान बघितलंत का सर. मी म्हणालो, मॅडम, हे नियम ज्यांनी लिहिले ते शाळेत असतील तेव्हापासून मी शिष्टाचार शिकवतोय.

त्या हसल्या. नमस्कार करून गेल्या. गाडीत बसताना परत एकदा वळून बघितलं. माझ्या उत्तराचा परिणाम झाला असावा.

सोमवार, १५ जुलै

तिसरं पान फायलिनने वाचलं. यंदा पाचवा प्रकार नवीन आहे. स्पर्धकाने मोठ्या माणसाच्या जागी खुर्चीवर बसायचं, एक लहान मूल येऊन नमस्कार करणार, तो स्वीकारून दाखवायचा. वीस गुण.

ती म्हणाली, सर, हे आपण केलं नाही.

मला हसू आलं. नमस्कार करणं शिकावं लागतं, स्वीकारण्यात काय शिकायचंय? ते वयाबरोबर आपोआप येतं. मी तिला म्हणालो, "त्याचा वेगळा सराव नको. मी रोज कसा स्वीकारतो ते बघ आणि तसंच कर."

तिने विचारलं, "अगदी तसंच?"

"अगदी तसंच," मी म्हणालो.

गुरुवार, १८ जुलै. सकाळी ८.१५

तीन दिवस झाले, फायलिन सकाळी सातपासून चिंचेखाली वही घेऊन बसते. पोरं गेटमधून येतात, मी कर्णा काखेत धरून फोन बघता बघता नमस्कार स्वीकारतो, ती लिहिते. एकदा माझ्या हनुवटीकडे बोटांनी माप घेताना दिसली. शास्त्रीय वृत्ती आहे. नवीन शिक्षकांपैकी एकालाही माझ्याकडे इतकं बघावंसं वाटलेलं नाही.

प्लेंग काका झाडता झाडता तिच्या वहीत डोकावले आणि हसत सुटले. त्यांना वाचता येतं हे मला माहीत नव्हतं.

बुधवार, ३१ जुलै

घरी रंगीत तालीम. फायलिन आली होती, लमाई परीक्षक झाली. पहिले चार प्रकार निर्दोष. कपाळ टेकून उठताना केससुद्धा विस्कटले नाहीत. लमाईने तिला केळ्याच्या पानातली वडी दिली, तीही तिने दोन्ही हातांनी घेतली.

ती गेल्यावर लमाईने परिपत्रक वाचलं. पाचवा प्रकार कोणी शिकवला म्हणून विचारलं. मी म्हणालो, त्याची काळजी नको, माझं बघून शिकली.

लमाईने चमचा खाली ठेवला. म्हणाली, "अजून एक दिवस आहे, सर."

मी म्हणालो, एक दिवस मुलीला विश्रांती हवी.

शुक्रवार, २ ऑगस्ट. दुपारी ४.२०, परतीच्या व्हॅनमध्ये

व्हॅन हलतेय, अक्षर तसं येईल.

चौदा शाळा. सभागृह भरलेलं. निम्मे शिक्षक माझ्या ओळखीचे, काही माझे विद्यार्थीही. ओराफिन मॅडम पहिल्या रांगेत. चार प्रकार संपले तेव्हा फायलिन पहिली होती, ऐंशीपैकी अठ्ठ्याहत्तर. मागच्या खुर्चीवरच्या एका गृहस्थांना मी सांगूनही टाकलं की ही माझी. ट्रॉफीची उंचीही डोळ्यांनी मोजून घेतली. मत्स्यालयाशेजारी बसेल.

मग पाचवा प्रकार.

फायलिन खुर्चीवर बसली. डावा हात किंचित वर, बोटं आखडलेली, जणू त्यात काहीतरी लोंबतंय. उजव्या हातात हिरवी वही, ती डोळ्यांसमोर, फोनसारखी. बालवाडीतली एक मुलगी आली. दोन वेण्या. समोर उभी राहून तिने मनापासून नमस्कार केला.

फायलिनने मान वर केली नाही. हनुवटी दोन बोटं उचलली, खाली आणली. म्हणाली, "हं."

लहान मुलगी तशीच हात जोडून उभी. फायलिनने वहीतून डोळे न काढता हाताने घोट घेतल्यासारखं केलं. मग म्हणाली, "बटण लाव."

कोण आधी हसलं ते मला दिसलं नाही. पण माझ्या ओळखीच्या रांगा आधी हसल्या, मग बाकीच्या. कोणीतरी माझं नाव घेतलं. फायलिनला वाटलं लोकांना आवडलं. ती पण हसली.

परीक्षकांमध्ये एक वृद्ध बाई होत्या. त्यांनी तिला जवळ बोलावून विचारलं, "हे कोणी शिकवलं बाळ?"

"बुनलू सरांनी. वहीत आहे," ती म्हणाली आणि विचारल्यावर वाचूनही दाखवलं, तिला प्रामाणिकपणाची सवय आहे. "सोळा, सतरा, अठरा जुलै. सकाळी, चिंचेखाली. मोजलेले नमस्कार एकशे वीस. मान हलली ऐंशी वेळा. 'हं' एकवीस. 'बटण', 'केस', 'पळ' मिळून अकरा. काहीच नाही, आठ. हात: शून्य."

वीसपैकी दोन. ते दोन खुर्चीत ताठ बसल्याबद्दल.

चौदात नववा नंबर.

व्हॅनमध्ये ती शेजारीच बसली आहे. मघाशी तिने विचारलं, "सर, चुकलं का?"

मी म्हणालो, घसा बसलाय.

शनिवार, ३ ऑगस्ट

डोकं शांत झालं. विचार केला. यात माझी बाजू भक्कम आहे.

मूळ प्रश्न काय होता? शिकवून मुलांना शिष्टाचार येतो का. उत्तर मिळालं: येतो. इतका येतो की मुलीने हनुवटीचं मापसुद्धा चुकवलं नाही. मी जे शिकवलं ते शंभर टक्के पोचलं. परीक्षकांनी शिकवणं तपासायला हवं होतं, त्यांनी भलतंच काही तपासलं. तक्रार लिहायला घेतली. चार पानी.

लमाईने वाचली. शेवटच्या पानावरचं 'विनम्र' एवढंच तिला आवडलं.

दुपारी सम्ली मावशीकडे. बातमी आधीच पोचली होती. रांगेतल्या एकाने मला हनुवटीने जागा दाखवली. मी ओळख दाखवली नाही. आज रांगेत उभा राहिलो, कारण पाय दुखत होते.

सोमवार, ५ ऑगस्ट

मॅडमनी ऑफिसात बोलावलं. आधी त्यांचा नमस्कार. मग खुर्ची. मग पाणी.

मी लगेच मुद्द्यावर आलो. म्हणालो, निकाल काहीही असो, शिक्षणाने शिष्टाचार येतो याचा सर्वांत मोठा पुरावा तुम्ही आहात. आठवीपासून माझ्या हाताखाली होतात, आजही तुमचा नमस्कार बघून लोक विचारतात हे कुठे शिकल्या.

त्या म्हणाल्या, "तुमच्याकडेच शिकले, सर. तीन वर्षं रोज सकाळी गेटवर मी तुम्हाला नमस्कार केला. तुम्ही एकदाही हात उचलले नाहीत. तेव्हाच ठरवलं होतं, मोठी झाले की आपण उचलायचे."

मी वाट बघितली, पुढे काही असेल म्हणून. पुढे काही नव्हतं.

म्हणजे श्रेय माझंच. ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, आणि मी ते तारखेनिशी इथे नोंदवून ठेवतो.

तासाचं काय, मी विचारलं. त्या म्हणाल्या, सहावा तास रोबोटना दिलाय. पण शिष्टाचाराचा तास बंद नाही केला सर, गेटवर हलवलाय. उद्यापासून रोज, सात ते आठ. फळा नाही, वाक्यं नाहीत, लिहून घेणं नाही. सरांनी गेटवर उभं राहून येणाऱ्या प्रत्येक मुलाचा नमस्कार स्वीकारायचा. एवढाच अभ्यासक्रम.

आठवड्याला एक तास होता, आता पाच झाले. याला बढती म्हणतात. त्या पुन्हा नमस्कार करायला उठल्या, मी मान हलवली. दाराबाहेर आल्यावर लक्षात आलं की हात मोकळे होते.

मंगळवार, ६ ऑगस्ट. सकाळी ८.१०

नव्या अभ्यासक्रमाचा पहिला दिवस. नियोजन असं: दर दहा नमस्कारांमागे एकदा हात, बाकी मान. सहाशे बारा भागिले दहा, म्हणजे एकसष्ट. प्रकृतीला झेपेल एवढंच.

प्रत्यक्षात एका हातात चहा, एका हातात कर्णा. हात: शून्य. सुरुवातीचा दिवस आहे, रुळायला वेळ लागेल.

पोरं आज जरा थांबून बघत होती माझ्याकडे. फायलिन दिसली नाही. तिच्या आईबरोबर माळा ओवायला बसली असेल, आज अमावास्येआधीची गर्दी. खरं तर तिला चुकलं नाही असं सांगायचं होतं. म्हणजे, काय चुकलं ते सांगायचं होतं. बघू.

बुधवार, ७ ऑगस्ट. सकाळी ८.३०

सात वाजून पंचवीस मिनिटांनी फायलिन आली. माझ्यासमोर थांबली. दप्तर सरळ केलं, हात जोडले. अंगठे नाकाच्या टोकाला, सूतभरही इकडे नाही की तिकडे नाही.

मी मान हलवली.

ती हलली नाही.

मी "हं" म्हणालो. जरा मोठ्याने, मागच्यांनाही ऐकू जाईल असं. ती तशीच. डोळे खाली, हात वर. मागे पोरांची रांग लागायला लागली. स्कूटरवरच्या आया हॉर्न देऊ लागल्या. मी कर्ण्यावरून म्हणालो, पुढे चला. कोणी चाललं नाही. मी कर्णा बंद करून तिला हळूच विचारलं, काय आहे हे.

"कलम तीन, सर," ती म्हणाली. आवाजात राग नाही, काही नाही. पाठ केलेलं म्हणून दाखवतात तसं.

मोठ्यांनी स्वीकारल्याशिवाय लहानाने हात खाली आणू नयेत. माझंच. कर्ण्यावरून जाहीर केलेलं. कलम निर्दोष आहे.

कर्णा जमिनीवर ठेवला. चहा ठेवायला जागा नव्हती, पिशवी जमिनीवर ठेवली तर कलंडते. प्लेंग काका झाडू टेकवून उभे होते. त्यांनी काही न बोलता हात पुढे केला. दोन्ही. मी पिशवी दिली, एका हाताने.

मग हात जोडले. छातीशी. जोडताना खांदा थोडा करकरला, इतक्या वर्षांत त्या बाजूला वळला नसेल.

फायलिनने हात खाली आणले. "चुकलं नव्हतं तुझं," मी म्हणालो. ती म्हणाली, "माहीत आहे, सर," आणि आत गेली.

मला वाटलं संपलं. तिच्या मागचा पोरगा पुढे आला, थांबला, हात जोडले आणि तसाच उभा राहिला. त्याच्या मागची पण. सगळी रांग कलम तीनवर. झेंड्याची वेळ झाली तरी रांग सरेना, राष्ट्रगीत गेटवरच उभ्याने झालं, मग पुन्हा सुरू. आठ वाजून वीस मिनिटांनी शेवटची मुलगी आत गेली.

प्लेंग काका जवळच उभे होते. पिशवी रिकामी, तळाशी बर्फ. चहा कधीच त्यांनी पिऊन टाकला होता.

तक्त्याप्रमाणे मी चारने वर. तरी त्यांना नमस्कार केला, आधी मीच. हात वरच होते, म्हणून.